वर बघणारी बंदूक

डेल्बर्टच्या गहाणवटीच्या दुकानात ती उभी होती
एक गिटार आणि बर्फाचं फावडं यांच्या मधोमध,
गळ्यात चिठ्ठी : एकशे चाळीस डॉलर.
"बदकांची आहे. तीस इंची नळी, तोंड आवळलेलं.
दस्ता कुणीतरी कापलाय, पोरासाठी असेल."
मी एकशे वीस मोजले
आणि त्याच्याकडे बघत राहिले.
त्याने वरचे वीस मागितले नाहीत.

आमच्या क्लबात बंदुका मखमली पेट्यांतून निघतात.
वॉली सोरेन्सनची त्याच्या ट्रकपेक्षा महाग,
आणि ट्रक नवा आहे.
मला कागदाच्या गिरणीची पेन्शन.

मार्चभर तळघरात आम्ही दोघी.
मागची पट्टी काढायला घेतली तर स्क्रू
गंजून लाकडाशी सोयरीक जमवून बसलेले.
तेल पाजलं, रात्रभर थांबले,
सकाळी समजूत घातली.
पट्टीखाली पेन्सिलीची रेघ, जिथे करवत फिरली तिथे :
कुणा पोराच्या हाताची लांबी.
सौनाच्या जुन्या बाकाचा तुकडा कापून
ते पोर मी मोठं केलं,
वर अर्धा इंच माझ्या हातांसाठी.

तिच्या पोटात एक लाकडी दांडा होता,
तीनापुढे काडतूस जाऊ नये म्हणून :
बदकांचा कायदा.
बशांना एका वेळी एकच.
दांडा काढून बंद पडलेल्या मशीनचा पोलादी गज घातला.
नाक जड झालं.
डुलायची थांबली.

राहिला नेम.

बदक उतरतं, पाय पुढे काढून, पाण्याकडे.
मातीची बशी चढते.
बोलायला एवढाच फरक.
गिरणीतला रद्दी कागद टांगला, मधे काळा ठिपका,
सोळा यार्डांवरून चाप ओढला :
छर्रे निम्मे ठिपक्याच्या वर, निम्मे खाली.
न्यायी बंदूक.
मला न्यायी नको होती.

हिला पुढे एक माशी, पितळेची, तांदळाएवढी.
मागची माशी म्हणजे माझा डोळा.
गाल उचलला की डोळा उचलतो,
डोळा उचलला की छर्रे.
म्हणून दस्त्यावर, गाल टेकतो तिथे,
पत्त्यांच्या कॅटमधले दोन पत्ते, वर चिकटपट्टी.
कागद. अजून दोन.
चौकटची सत्ती, किलवरचा गुलाम,
कागद, खांदा निळा, कागद.
सहाव्या पत्त्याला ठिपका खाली राहिला
आणि छर्ऱ्यांचा थवा त्याच्या डोक्यावर बसला.
नंतर वर मेपलची फळी बसवायची होती.
ती अजून बसवायचीच आहे.

मेमध्ये पहिल्या जागेवर उभी राहिले.
"पुल!" म्हणताना आवाज चिरकला,
तरी बशी निघाली, नारिंगी, घाईत,
आणि हवेत काळा बुक्का झाली.
पंचवीसपैकी एकोणीस.
"लेम्पी, एकोणीस," पोराने फळ्यावर लिहिलं.
वॉली जवळ आला, वाटलं काही बोलेल.
"तुझी चिकटपट्टी सुटतेय," म्हणाला.

ऑक्टोबरात माझा भाऊ रायमो ती मागून घेऊन गेला,
त्याची दुरुस्तीला होती.
पहाटे चारला तळ्यावर. दहाला परत,
बूट ओले, पिशवी सपाट.
बंदूक टेबलावर ठेवली, जरा जोरातच.
"सगळं वरून गेलं. काय करून ठेवलंयस हिला?
हिला खाली बघताच येत नाही."

मी कॉफी ओतली.
"किती होती?"
"चाळीसेक. अगदी पायांशी उतरली."

मी पाव त्याच्याकडे सरकवला
आणि उरलेले शेहेचाळीस पत्ते
पिसायला घेतले.